बावीस नोव्हेंबरचा फळा

पावणेआठला वाचनालयाचं शटर अर्धं उचलतो,
वाकून आत शिरतो,
ओल्या फडक्यानं काल पुसून टाकतो.
काल कुणी गेलं नव्हतं. एका सनईवाल्याचा जन्म, बस.

चरईतल्या या फळ्यावर चार ओळी मावतात.
पाचवी लिहिली की भिंत लागते,
आणि भिंत सोसायटीची.

वही मी स्वतः शिवलेली,
जकात नाक्यावरच्या रद्द पावत्यांच्या कोऱ्या पाठींची.
तेव्हा ट्रकमध्ये काय आहे ते लिहायचो,
आता दिवसात काय आहे ते.
एक जूनचं पान फुगून बसलंय :
शाळेत नाव घालताना मास्तरांनीच जन्माला घातलेले
अर्धे तबलजी तिथे दाटीवाटीनं बसलेत.
बावीस नोव्हेंबर त्या मानानं सुटसुटीत.

खडू पाण्यात बुडवला की अक्षर आधी दिसत नाही,
वाळता वाळता उमटतं :

जन्म : जनार्दन केणी, पखवाज, घणसोली. साल ठाऊक नाही.
ध्वनिमुद्रण : सरदारीबाई मुळगावकर, जोगिया, १९३७.
मृत्यू : वासुदेव खांबेटे, पेटी, १९६१.

चौथी ओळ रिकामी.
क्लॅरिनेटची पेटी काखेत मारून जाता जाता
चेंदणीचा दोमणिक थांबला.
"आज आमची सांता सेसिलिया. वाजवणाऱ्यांची बाई. लिही की."
म्हटलं, तिचं काय लिहू?
म्हणाला, "मानेवर तीन घाव घातले, तरी तीन दिवस टिकली."
आणि रुमालानं तोंड पुसून गेला,
संध्याकाळी कोपरीत त्याला वरात होती.

साडेदहाला एक बाई आल्या, ऐरोलीहून, बसनं.
विटाव्याच्या वळणांवर मळमळतं म्हणून
मुठीत लिंबू.
चप्पल न काढता उंबऱ्यातूनच वाचत राहिल्या.
"तारीख चुकलीय."

"मी कुमुदिनी. खांबेट्यांची.
बाबा एकवीसला गेले. रात्री साडेअकराला.
डॉक्टर उजाडल्यावर आला
आणि मनगटावरच्या घड्याळात बघून त्यानं कागद केला."

मी फडकं उचललं.
"राहू दे हो," त्या म्हणाल्या.
"त्या रात्री आई दोनदा उठून
त्यांचं पांघरूण सारखं करून आली.
तेवढं धरा त्यांच्या हिशेबात."

मग मी कपाटातून तबकडी काढली.
कागदी चकतीवर कंपनीचं नाव, बाईंचं नाव, राग.
पेटी कुणाची, ते नाही.
"बाबांचीच," त्या म्हणाल्या. "आई सांगायची, त्या दिवशी
दहा रुपये मिळाले, आणि येताना
त्यातल्या सव्वा रुपयाचा कंदील."
तारीख तीच, चोवीस वर्षं आधीची.
हे त्यांच्या घरात कुणाला माहीत नव्हतं.
मलाही वहीत शेजारी शेजारी लिहून
कधी दिसलं नव्हतं.

सुई ठेवली. आधी भजी तळल्याचा आवाज,
मग त्यात कुठेतरी खोल सरदारीबाई.
पेटी मागे, दाराआड उभं राहावं तशी,
सूर धरून, पुढे न येता.
तीन मिनिटं दहा सेकंद.
शेवटी बाईंनी ठसक्यात आपलं नाव सांगितलं,
आणि त्यानंतर, सुई घसरायच्या आत,
कुणीतरी पुरुष हळूच म्हणाला : वा.

कुमुदिनीबाईंच्या हातातलं लिंबू खाली पडलं,
टेबलाखाली गेलं.
"गाणं नको," त्या म्हणाल्या. "शेवट तेवढा लावा."

सात वेळा लावला.
आठव्यांदा सुईच बोथटली.
त्यांची बस दीडची होती.

त्या गेल्यावर खडू भिजवला
आणि चौथ्या ओळीत, मथळ्याशिवाय, लिहिलं : वा.

संध्याकाळी पेपर चाळायला येणारे राजाध्यक्ष सर
चष्मा वर करून बराच वेळ उभे.
"काय हो, शेवटचा ह राहिला वाटतं?"
म्हटलं, सर,
ह-पर्यंत तबकडी पुरत नाही.